विचिटाची केस आपल्या प्रस्तावात कशाला?

नेटफ्लिक्सवर २०२२ साली 'वेब ऑफ मेक बिलीव्ह' ही माहितीपटांची मालिका आली. तिचा पहिला भाग, 'डेथ बाय स्वॅट', सायबर गुन्ह्यांवर काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाने बघावा. फक्त तो बघून लगेच प्रस्ताव लिहायला बसू नका.

दुसऱ्याच्या घरात खून झालाय, माणसं ओलीस धरलीत, असा खोटा फोन करून त्याच्या दारात सशस्त्र पोलीस धाडायचे, हे स्वॅटिंग. एपिसोडमधली घटना २८ डिसेंबर २०१७ची, अमेरिकेतल्या विचिटा शहरातली. 'कॉल ऑफ ड्यूटी' खेळताना दोघांचं दीड डॉलरवरून वाजलं. एकाने लॉस एंजेलिसमधल्या तिसऱ्याला हाताशी धरलं. मिळालेला पत्ता जुना निघाला, आणि खेळाशी काडीचा संबंध नसलेला २८ वर्षांचा माणूस दारातच पोलिसाच्या गोळीने गेला. फोन करणाऱ्याला २०१९मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. गोळी झाडणाऱ्यावर खटला चालला नाही.

एपिसोड अंगावर येतो. पण 'लाइव्ह स्ट्रीमर्सना स्वॅटिंगचा धोका' या विषयाची सुरुवात याच केसने करण्याची पद्धत पडलीय, आणि मेलेला माणूस तर स्ट्रीमर नव्हताच! मग धोका स्ट्रीमिंगमुळे आला हे कशावरून? त्या प्रश्नाला २७ ऑगस्ट २०१४ची लिटलटनची घटना जास्त उपयोगी. तिथे खेळ लाइव्ह चालू असताना पोलीस बंदुका रोखून खोलीत शिरले आणि ते सगळं कॅमेऱ्यात आलं. कोणी मेलं नाही, म्हणून गाजावाजा कमी. पण स्ट्रीमिंगचा खरा वाटा इथेच दिसतो: खोडी काढणाऱ्याला घरबसल्या तिचा परिणाम बघायला मिळतो.

आता आपल्याकडे. सप्टेंबर २०२५, अनंत चतुर्दशीच्या तोंडावर मुंबई वाहतूक पोलिसांना व्हॉट्सॲप आला: ३४ गाड्या, ४०० किलो आरडीएक्स. नोएडातून एकाला अटक झाली. जुन्या वादातून मित्राला अडकवायला त्याच्या नावाने मेसेज केल्याचं पोलिसांनी सांगितलं. म्हणजे हत्यार तेच, पोलीस. दिशा मात्र उलटी. तिकडे सावजाच्या पत्त्यावर गुन्हा घडतोय असं सांगतात, इकडे सावजालाच गुन्हेगार ठरवतात. कुणाला त्रास व्हावा म्हणून सरकारी नोकराला खोटी माहिती देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७चा गुन्हा आहे. आधी भादंवि १८२ होतं. 'स्वॅटिंग' हा शब्द न शोधता हे कलम शोधलंत तर निकाल सापडतील.

आमच्या तळेगावात शेजारचा पोरगा रात्री बीजीएमआय स्ट्रीम करतो. मागून स्टेशनवरची लोणावळा लोकलची घोषणा स्वच्छ ऐकू येते. मी सांगितलं तर म्हणाला, "दादा, माझे चाळीस तर व्ह्यूअर." पण पत्ता काढायला एक व्ह्यूअर पुरतो. अर्थात उघडं ठिकाण दोन्हीकडून कापतं. नोव्हेंबर २०२२मध्ये खारमध्ये एका कोरियन यूट्यूबरला लाइव्ह असतानाच रस्त्यात त्रास दिला गेला, आणि स्ट्रीम चालू होती म्हणूनच मदतही पोचली.

त्यामुळे प्रस्तावात 'भारतात स्वॅटिंग वाढतंय का' असं लिहू नका, मोजणार कशावरून? ११२वर आलेला खोटा फोन इथले पोलीस कसा पारखतात, दारात जाताना किती जण आणि काय घेऊन जातात, हे विचारा. तळेगाव पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येतं. परवानगीचा अर्ज तिथेच करायचा, आणि तो सिनॉप्सिसच्या आधी.