कारागीर स्त्री आणि ऐतिहासिक कादंबरी

रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ १८७१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. तेव्हांपासून मराठी ऐतिहासिक कादंबरी गड, दरबार व रणांगण यांत मनसोक्त वावरली; विधवेकडे मात्र तिची दृष्टि बहुधा चितेपर्यंतच पोंचली. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ (१९६२) मुळें रमाबाईंचें १७७२ सालचें थेऊरचें सहगमन घरोघर ठाऊक झालें. परंतु पतीमागें चाळीस वर्षें जगलेल्या, हातच्या कसबावर पुन्हां उभ्या राहिलेल्या स्त्रीची कथा जो लेखक हातीं घेईल, त्याची परीक्षा कोणत्या कसोटीनें करावी?

आमचें म्हणणें एकच आहे : अशा कथेंत कसब हा अलंकार न राहतां प्रमाण झालें पाहिजे. एका प्रकरणांत नायिकेचें दुःख, दुसऱ्यांत बोटांची जादू व तिसऱ्यांत कीर्ति, ही मांडणी सोपी खरी. पण कच्चा माल कोणीं दिला, उधारी किती राहिली, माल कोणत्या बाजारीं गेला आणि आलेला पैका कोणाच्या कनवटीस राहिला, हें न सांगतां ‘स्वावलंबन’ हा शब्द पोकळ ठरतो.

कथा आजच्या वैभववाडीच्या मुलखांत, पेशवाईच्या काळीं ठेवली आहे असें समजूं. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालीं झाला. आजच्या सीमा जुन्या कागदांवर लादणें हा काळविपर्यास होय. तसेंच करूळ व भुईबावडा घाटांतील आजचे रस्ते म्हणजेच जुन्या बैलवाटा, असेंही गृहीत धरूं नये. घाटमाथ्यावरील बावडा ही पंत अमात्यांची जहागीर. लेखकानें तिकडील कागद आधीं पाहावे.

पुढें कसब. या डोंगरपायथ्याशीं बांबू मिळतो. सूप, रोवळी, टोपली, कणगी व इरलें या वस्तूंवांचून शेतकऱ्याचें घर चालत नसे. बेळ काढणें, ती सारखी तासणें, विणीचा घट्टपणा राखणें हें चार दिवसांत येणारें काम नव्हे. इरल्यास गिऱ्हाईक मृगापूर्वीं, कणगीस भात घरीं येण्याच्या सुमारास. म्हणजे नायिकेच्या वर्षांत कमाईचे दिवस निराळे व उपासाचे निराळे. लेखकास इतकें ठाऊक असेल तर कथानकासाठीं योगायोग शोधावे लागणार नाहींत.

याहून अवघड प्रश्न जातीचा. वेळूकाम बुरुडांचें. दुसऱ्या जातीच्या विधवेनें तें हातीं घेतल्यास भाऊबंद गप्प बसतील काय? आणि ज्या बुरुडीण बाईनें जन्मभर सुपेंच विणलीं, तिच्या श्रमास आम्ही ‘नवजीवन’ कां म्हणत नाहीं? ही अडचण टाळणारी कादंबरी कितीही रसाळ असली, तरी इतिहासाच्या नांवास पात्र नाहीं.

सावंतवाडीच्या राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनीं वृद्ध चिताऱ्याकडून गंजिफेची कला शिकून राजवाड्यांत तिला पुन्हां आश्रय दिला. दशावतारी गंजिफेच्या एका संचास दहा रंगांचीं प्रत्येकीं बारा, अशीं १२० वाटोळीं पानें लागतात. हें उदाहरण कला हातोहात कशी जाते तें दाखवितें; परंतु राणीनें कलेस तारणें आणि कलेनें निराधार स्त्रीस तारणें या दोन गोष्टी निराळ्या. दुसरीच्या जवळचा पुरावा आत्मचरित्रांत शोधावा. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (१९२८) व आनंदीबाई कर्वे यांचें ‘माझें पुराण’ (१९४४) यांत कसब नसलें, तरी वैधव्यानंतर शिक्षण व कष्ट यांनीं आयुष्य कसें उभारलें, हें लिहिणारीच्या स्वतःच्या तोंडून ऐकूं येतें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. वतनाची सनद आपण रुमालांत बांधून जपतों. टोपल्यांच्या देण्याघेण्याची मोडी चिठी रद्दींत टाकतों. सनदेवर शिक्का असतो, चिठीवर नसतो, इतकाच फरक. पण पतीमागें जगलेली ती बाई सनदेंत सांपडावयाची नाहीं. सांपडली तर त्या चिठींतच सांपडेल. ती हातची गेल्यावर कादंबरीकारानें कल्पना केली म्हणून त्याला दोष देण्याचा अधिकार आपणांस उरत नाहीं.