गुरी आणि गुरा : एका कढईभोवतीची पंगत

बदलीच्या गावी वाढणाऱ्या मुलांचे मराठी कसे टिकवावे, हा प्रश्न आमच्या वाचकांच्या घरोघरी निघतो. उत्तरादाखल बहुधा बोधकथांचा एखादा संग्रह मुलांच्या हाती दिला जातो. आम्ही आज निराळेच पुस्तक पुढे ठेवीत आहोत. ते मराठी नाही, त्यात बोधही नाही. त्यात एक केक भाजला जातो, एवढेच.

‘गुरी आणि गुरा’ हे जपानी चित्रपुस्तक नाकागावा रिएको यांनी लिहिले व त्यांच्या धाकट्या भगिनी युरिको यांनी चितारले. १९६३ साली ते ‘कोदोमो नो तोमो’ या बालमासिकात आले आणि १९६७ मध्ये स्वतंत्र पुस्तक झाले. त्याचा इंग्रजी अनुवादही आहे. दोन रानउंदरांना जंगलात एक अवाढव्य अंडे सापडते. ते घरी नेता येत नाही, म्हणून कढई, पीठ, दूध, लोणी, साखर असा सारा संसारच अंड्यापाशी आणला जातो. कवच मुठीने फुटत नाही, तेव्हा दगड हाती घ्यावा लागतो. मग फेटणे, चूल मांडणे, सरपण गोळा करणे आणि झाकण ठेवून वाट पाहणे.

या पुस्तकाचे पूर्वसूत्र हिंदुस्थानात आहे. नाकागावाबाई तोक्योतील बालवाडीत शिकवीत. तेथील मुलांना हेलन बॅनरमन यांच्या १८९९ च्या गोष्टीतील, वाघांच्या तुपात तळलेली धिरडी फार प्रिय होती. त्याहून थाटाचा, भरपूर अंड्यांचा ‘कासुतेरा’ आपण मुलांना वाढावा, या इच्छेतून गुरी-गुरा जन्मले. बॅनरमनबाई येथे नेमणुकीवर असलेल्या सरकारी डॉक्टरांच्या पत्नी. परमुलखात आपल्या मुलींसाठी त्यांनी ती गोष्ट रचली. तिच्यातील नायकाचे नाव व चित्रे कृष्णवर्णीयांस अवमानकारक ठरली, आणि तो आक्षेप रास्तच आहे. नाकागावाबाईंनी तिच्यातून घेतला तो केवळ खाण्याचा आनंद.

आमच्या घरातील पाच वर्षांच्या नातीला आम्ही हे पुस्तक इंग्रजीवरून मराठीत सांगत गेलो. कासुतेराला आमच्याजवळ शब्द नव्हता. ‘केक’ म्हणून भागविले. क्रियापदे मात्र सारी घरची निघाली : चाळणे, फेटणे, ओतणे, फुगणे. नाम उसने चालते. भाषा जगते ती क्रियापदांवर, आणि ती मुलांच्या कानी पडतात स्वयंपाकघरात. त्या घराच्या उंबऱ्याशी थबकणाऱ्या अधिकारी पित्यांनी ध्यानी घ्यावे की, या पुस्तकात दोघेही उंदीर एप्रन बांधून कामाला लागतात.

नातीने एक प्रश्न मात्र असा विचारला की आम्ही निरुत्तर झालो : “पण आजोबा, अंडं कोणाचं होतं?” पुस्तक याविषयी मौन पाळते. हे त्यातील न्यून होय, असे आम्हांस वाटते. काहीतरी थाप मारून ते झाकण्याचा मोह आम्ही आवरला. प्रश्न तिच्यापाशीच राहू दिला.

तरीही या पुस्तकाचा गुण न्यूनाहून मोठा आहे. आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीत पावसात भिजलेला कावळा दाराबाहेर तिष्ठत राहतो आणि आत चिमणीच्या सबबी संपत नाहीत. येथेही वासाने गोळा झालेल्या प्राण्यांना थांबावे लागते. पण ते थांबणे केक भाजून होईपर्यंतचे. येथे दारच नाही. झाकण उघडताच हत्ती-सिंहांपासून लहान जीवांपर्यंत सर्वांची पंगत बसते. वाटून खावे, असा उपदेश कोणी करीत नाही. वाटले जाते, आणि मुलास ते दिसते. नवख्या गावी शेजार जोडू पाहणाऱ्या कुटुंबातील मुलास याहून अधिक काय सांगावयाचे?

शेवटी उरते रिकामे कवच. त्याचे काय केले असेल, असे लेखिका मुलांनाच विचारते. वाचणाऱ्याने तेथे पान उलटण्याची घाई करू नये. आमच्या नातीने त्याची नाव केली, मग पाळणा केला, मग दूरच्या आजीकडे जाणारी आगगाडी केली. पुस्तकातील उत्तर आम्ही येथे सांगत नाही. आपल्या मुलाचे उत्तर आधी ऐकावे.