जिलेटीनच्या कागदातून ताऱ्याचे तापमान?

विज्ञान मंडळांच्या कार्यक्रमांत एक कृती हमखास आढळते. तांबडा व निळा जिलेटीन कागद घ्या आणि त्यांतून तारे पाहा. निळ्यातून अधिक तेजस्वी दिसेल तो तारा तप्त, तांबड्यातून अधिक तेजस्वी दिसेल तो त्या मानाने थंड. कृती स्वस्त आहे, मुलांना आवडते, तिच्यामागचे तत्त्वही खरे आहे. तरीही ती आहे त्या स्वरूपात करून घेऊ नये, असे आमचे मत झाले आहे.

एका थंडीत आम्ही ती शाळेच्या गच्चीवर करून घेतली. तारे निवडले मृग नक्षत्रातले: तांबूस काक्षी आणि निळसर राजन्य. वह्या तपासल्या तर बहुतेकांचे उत्तर 'बरोबर'. एका मुलीने मात्र लिहिले होते की, तिला दोन्ही तारे निळ्यातूनच अधिक ठळक दिसले. आम्ही तिला पुन्हा पाहायला सांगितले, आणि दुसऱ्या खेपेस तिनेही 'बरोबर' उत्तर लिहिले. नंतर दिवसा कागद उजेडात धरले तेव्हा लक्षात आले की, आमचा तांबडा कागद गडद होता आणि निळा फिकट. तिने दिसले ते लिहिले होते. बाकीच्यांनी फळ्यावरचे लिहिले होते.

कागद सारखे असते तरी अडचण सुटली नसती. कागदातून तारा मंद झाला की डोळ्यातील शंक्वाकार पेशींऐवजी दंडाकार पेशी काम करू लागतात. त्या तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या असतात, तर ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील. म्हणजे मंद प्रकाशात आपला डोळा आधीच निळ्याच्या बाजूने कौल देतो. अशा पंचाकडून निकाल कसा घ्यायचा?

दुसरा आक्षेप स्पष्टीकरणावर आहे. 'तारा ज्या रंगात सर्वाधिक प्रकाश देतो तो त्याचा रंग' असे सर्रास सांगितले जाते. वीनच्या नियमाने हिशेब करून पाहा. सूर्याचे पृष्ठीय तापमान सुमारे ५,८०० केल्विन, म्हणून त्याचे शिखर ५०० नॅनोमीटरपाशी. मग सूर्य हिरवट दिसायला हवा! काक्षीचे (सुमारे ३,६०० केल्विन) शिखर अवरक्तात जाते, राजन्याचे (सुमारे १२,००० केल्विन) अतिनीलात. दोन्ही शिखरे डोळ्याला दिसतच नाहीत. आपण पाहतो तो फक्त उतार, आणि फिल्टरचे काम त्या उताराचा चढ मोजण्याचे आहे.

जॉन्सन व मॉर्गन यांनी १९५३ मध्ये रूढ केलेली पद्धत हेच करते. निळ्या फिल्टरमधून (सुमारे ४४० नॅनोमीटर) व हिरव्या-पिवळ्या फिल्टरमधून (सुमारे ५५०) ताऱ्याची प्रत मोजायची आणि वजाबाकी करायची. राजन्यासाठी ती जवळजवळ शून्य येते, काक्षीसाठी सुमारे १.८५. याचा अर्थ, हिरव्या-पिवळ्याच्या तुलनेत काक्षीचा निळा प्रकाश राजन्याच्या साडेपाचपट कमी. ध्यानात घ्या, एकट्या ताऱ्याच्या आकड्याला अर्थ नाही. प्रमाण म्हणून दुसरा, माहीत असलेला तारा लागतोच. जिलेटीनच्या कृतीत नेमका तोच गाळलेला असतो.

शाळेत हे कॅमेऱ्याने साधते. त्याच्या संवेदकावर निळ्या व हिरव्या गाळण्या असतातच. मृग डोक्यावर आला असताना, किंचित धूसर फोकस ठेवून, दोन्ही तारे एकाच चित्रात घ्यावेत. प्रत्येकाच्या निळ्या आकड्याला हिरव्याने भागावे. प्रक्रिया न केलेले चित्र घ्यावे, नाहीतर कॅमेरा आपल्या मर्जीने रंग बदलतो. उत्तर साडेपाचच येईल असे नाही, कारण गाळण्या वेगळ्या आहेत. पण दिशा निश्चित दिसेल.

या तापमापकाच्या मर्यादाही वर्गात सांगाव्यात. फार तप्त ताऱ्यांत दोन्ही फिल्टरमधली तेजस्विता जवळपास सारख्याच प्रमाणात वाढते, म्हणून २०,००० व ३०,००० केल्विनमध्ये फरक करणे कठीण जाते. शिवाय वाटेतली धूळ निळा प्रकाश अधिक अडवते. मावळता सूर्य तांबडा दिसतो म्हणून काही थंड झालेला नसतो. २०१९ च्या अखेरीस काक्षी मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत निम्म्याहून अधिक तेज गमावून बसला, तेव्हा तो थंड झाला की धुळीआड गेला हा वाद झाला. त्याच्या वर्णपटातील टायटॅनियम ऑक्साइडच्या पट्ट्यांवरून तापमान सुमारे ३,६०० केल्विन, म्हणजे फारसे न घटलेले आढळले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनी धुळीच्या ढगाकडे बोट दाखवले, मात्र पृष्ठभागाचा एक भाग थंडावल्यानेच ती धूळ तयार झाली असावी, असेही त्यांत सुचवले आहे.