टंच ओळखणारी लांडगी

लाइट नॉव्हेलवर बेतलेल्या जपानी अ‍ॅनिमे मालिका आज इतक्या निघतात, की नव्या प्रेक्षकाच्या हाती बहुधा गाळच लागतो. एखादा शाळकरी पोरगा किंवा दमलेला कारकून मरतो, दुसऱ्या जगात जन्म घेतो, तिथे त्याला व्हिडिओ गेममधल्यासारखी अफाट शक्ती मिळते आणि सगळे जग त्याच्यापुढे नमते. ‘इसेकाई’ नावाच्या या प्रकाराने गेली दहा-बारा वर्षे पडदा अडवून ठेवला आहे. फोनवरचे अ‍ॅप तर एक मालिका पाहिली की तिच्याच जातीच्या आणखी दहा पुढे करते. म्हणून शिफारस माणसाने माणसाला करावी, आणि करताना समोरच्याचे गाव, धंदा, घर पाहावे असे मला वाटते. बुलढाणा जिल्ह्यातल्या, त्यातही खामगावच्या प्रेक्षकाला मी सगळ्यांत आधी ‘स्पाइस अँड वूल्फ’ सुचवीन.

लाइट नॉव्हेल म्हणजे खिशात मावणारी, संवादांनी भरलेली, मधूनमधून चित्रे असलेली कादंबरी. वाचक मुख्यतः किशोर आणि तरुण. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा ज्या भुकेने वाचल्या गेल्या, तीच ही भूक. फरक एवढाच, की जपानात या पुस्तकांभोवती चित्रकार, मासिके, स्टुडिओ आणि प्रकाशक यांची पक्की साखळी उभी राहिली. 2004मध्ये ‘शोसेत्सुका नि नारो’ हे हौशी लेखकांचे संकेतस्थळ सुरू झाले आणि पुढे त्यावर गाजलेल्या कथा पुस्तकात व पुस्तकांतून पडद्यावर येऊ लागल्या. एकसुरीपणाचे मूळही तिथेच आहे. जे गाजते तेच पुन्हा लिहिले जाते.

रूपांतराची खरी अडचण मात्र वेगळी. यांतल्या बऱ्याच कादंबऱ्या नायकाच्या तोंडून येतात, आणि तो आवाजच पुस्तकाचा जीव असतो. चि. वि. जोशींचा चिमणराव स्वतःची फजिती स्वतः सांगतो; दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी तो सूर चेहऱ्यात आणि चालण्यात उतरवला, म्हणून ती मालिका पुस्तकाच्या बरोबरीने उभी राहिली. ‘हारुही सुझुमिया’ या मालिकेत क्योतो अ‍ॅनिमेशन या स्टुडिओने हेच केले. 2006 साली त्यांनी भाग मुद्दाम उलटसुलट क्रमाने दाखवले आणि क्योन या निवेदकाचे कुरकुरणे कायम ठेवले. 2009मध्ये त्याच स्टुडिओने याच मालिकेतल्या एका लघुकथेचे आठ भाग केले. त्याच उन्हाळी सुट्टीची तीच कथा आठ आठवडे, प्रत्येक वेळी नव्याने चितारलेली. प्रेक्षक चिडले. मला तो प्रयोग धाडसाचा वाटतो, पण नवख्याला तो दाखवू नये. बहुतेक मालिका एवढेही कष्ट घेत नाहीत. नायकाची बडबड जशीच्या तशी पार्श्वभूमीला लावतात, बारा-तेरा भाग संपवतात आणि पुढचे कळण्यासाठी पुस्तक घ्या म्हणतात. ती पुस्तकाची जाहिरात झाली.

‘स्पाइस अँड वूल्फ’ या गाळातून वर येते ती तिच्या विषयामुळे. इसुना हासेकुरा यांची ही कादंबरी 2006मध्ये आली. क्राफ्ट लॉरेन्स हा फिरता व्यापारी गाडीत कातडी, मीठ, गहू घेऊन गावोगाव हिंडतो. त्याच्या गाडीत एके रात्री होलो प्रकटते. ती गव्हात वास करणारी, पिकाचे रक्षण करणारी लांडगी-देवता आहे, आणि गावाला आता तिची गरज उरलेली नाही. अक्षय्य तृतीयेला पिकांच्या भाकितासाठी भेंडवळच्या घटमांडणीकडे ज्या जिल्ह्याचे डोळे लागतात, त्याला पिकाचा असा देव समजावून सांगावा लागत नाही.

आणि मग येतो नाण्यांचा प्रसंग. एक तरुण लॉरेन्सला खबर देतो की अमुक नाण्यातली चांदी वाढणार आहे. होलो वेगवेगळ्या काळात पाडलेली नाणी ओंजळीत खुळखुळवते आणि निव्वळ कानाने टंच सांगते: चांदी वाढत नाही, हळूहळू घटते आहे. मग घसरणारे नाणे कुणी ढिगाने का विकत घ्यावे? कारण राजाला ती नाणी परत घेऊन, आटवून, कमी चांदीची नवी पाडायची असतात. ज्याच्याकडे साठा, तो राजाकडून हव्या त्या सवलती पदरात पाडून घेणार. तलवार न उपसता एवढा ताण उभा करणारे प्रसंग अ‍ॅनिमेत मी फार थोडे पाहिले. चांदीसाठी नावाजलेल्या आणि कापसावर वाढलेल्या खामगावात हे कळायला टिप्पणी लागू नये. केवळ कापसासाठी 1870 साली जलंबहून या गावाला रेल्वेचा फाटा आला होता.

याच वळणाच्या आणखी दोन मालिका. मिया काझुकी यांच्या कादंबऱ्यांवरील ‘असेंडन्स ऑफ अ बुकवर्म’ (2019) ही इसेकाईच आहे, पण नायिकेला सुरुवातीला शक्ती मिळत नाही. मिळते ते गरीब शिपायाचे घर आणि आजारी शरीर. तिला पुस्तक हवे, कागद नाही. ती गवताचे धागे विणून पाहते, मातीच्या पाट्या भट्टीत फुटतात, लाकडाच्या पट्ट्या आई सरपण समजून जाळते. चित्रण साधे, कधी कधी कंजूस आहे, तरी वाचनालयात वाढलेल्या कुणालाही ती रडवेल. दुसरी ‘द अपॉथेकरी डायरीज’ (2023). औषधे जाणणारी माओमाओ राजवाड्यातली बाळे का दगावतात हे हुडकते, आणि दोष चेहऱ्याला लावायच्या पांढऱ्या पावडरीत निघतो. चित्रण तिघींत हिचेच सर्वांत देखणे.

‘स्पाइस अँड वूल्फ’ दोनदा झाली आहे. 2008च्या मालिकेने कादंबरीतला येरेई हा गावकरी काढून क्लोई ही तरुणी घातली आणि 2009च्या दुसऱ्या पर्वात चौथा खंड गाळून थेट पाचव्यावर उडी मारली. 2024च्या 25 भागांच्या मालिकेत येरेई परतला आणि कथा पुस्तकाच्या क्रमाने चालते. रंगांचा ऊबदारपणा जुनीत अधिक, व्यवहाराची स्पष्टता नवीत. होलो आणि लॉरेन्सचे आवाज मात्र दोन्हीकडे आमी कोशिमिझु आणि जुन फुकुयामा यांचेच आहेत, म्हणून दोन्ही जपानी आवाजातच पाहाव्यात. होलो प्रथम विवस्त्र प्रकटते, हे घरच्यांसोबत बसणाऱ्याने आधी जाणून असावे. सुरुवात 2024च्या मालिकेपासून करा, आणि नाण्यांचा प्रसंग येईपर्यंत सोडू नका.