‘झिंगाट’ : नृत्यगीताची भाषा आणि ‘-आट’ प्रत्यय

१
नृत्यासाठी रचलेल्या लोकप्रिय गीताची भाषा हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न विद्वत्मंडळीत विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा नकारार्थी दिले जाते. अशा गीतात शब्द हे केवळ तालाचे निमित्त असतात, त्यांना अर्थाचा भार नसतो, असा या नकारामागील युक्तिवाद आहे. तो सर्वस्वी निराधार नाही. युरोपातील नृत्यसंगीताच्या इतिहासात त्याला भरपूर पुरावा सापडतो. परंतु त्यावरून सर्वच नृत्यगीतांविषयी निर्णय देता येईल काय, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. या दृष्टीने ‘सैराट’ या मराठी चित्रपटातील ‘झिंगाट’ या गीताचा विचार उद्बोधक ठरतो.

हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. तत्पूर्वी त्याच वर्षी बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखविण्यात आला होता. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. त्यांचे चित्रपटविषयक शिक्षण अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे झाले आणि ‘पिस्तुल्या’ हा त्यांचा पहिला लघुपट याच शिक्षणक्रमातून निर्माण झाला. करमाळा तालुका सोलापूर जिल्ह्यात मोडत असला तरी नगर जिल्ह्यातील कर्जत आणि जामखेड हे तालुके त्याला लागूनच आहेत. ‘झिंगाट’चे शब्द, चाल आणि गायन ही तिन्ही अजय-अतुल या बंधूंची आहेत.

२
तुलनेसाठी जर्मनीतील एक उदाहरण घेऊ. फ्रँकफुर्ट येथील मिखाएल म्युन्झिंग आणि लुका अँझिलोटी या निर्मात्यांच्या ‘स्नॅप’ या समूहाचे ‘रिदम इज अ डान्सर’ हे गीत १९९२ साली प्रसिद्ध झाले आणि जर्मनी व ब्रिटन या दोन्ही देशांत ते अग्रस्थानी पोहोचले. या प्रकारच्या गीतांचा साचा ठरलेला आहे. चारही मात्रांवर समान आघात देणारा ढोल, विजेच्या वाद्यावरील एक छोटी स्वरावली, पुरुषाच्या आवाजातील लयबद्ध बोलणे आणि स्त्रीच्या आवाजातील ध्रुपद, अशी त्याची चार अंगे सांगता येतील. निर्माते जर्मनीत काम करणारे, गायक अमेरिकन आणि भाषा इंग्रजी! ज्या श्रोत्यांसाठी गीत रचले त्यांतील बहुसंख्यांची ती मातृभाषा नव्हती. त्यामुळे शब्द थोडे, वाक्ये सुटी आणि वाक्प्रचार कोणत्याही एका प्रदेशाशी न बांधलेले असे ठेवणे भागच होते. याच गीतात तालाच्या गांभीर्याला एका दुर्धर रोगाची उपमा दिली आहे. ती केवळ यमकासाठी आली, हे उघड आहे. तिची पुढे पुष्कळ थट्टा झाली. येथे यमक हे दोन शब्दांच्या अंत्यध्वनींचे योगायोगाने जुळणे आहे, त्यांच्या अर्थांत मेळ नाही.

याचा अर्थ ते गीत सामान्य आहे असा नव्हे. ताल हाच नर्तक, ही त्याच्या शीर्षकातील कल्पना सुंदरच आहे. मात्र तिचे सौंदर्य भाषेच्या अंगभूत सामर्थ्यातून आलेले नाही. ती कोणत्याही भाषेत सांगता आली असती, आणि असे सांगता येणे हेच या प्रकाराचे व्यापारी बळ होते.

३
‘झिंगाट’मध्ये याच्या नेमके उलट घडते. शीर्षकातील शब्द ‘झिंग’ या नामाला ‘-आट’ हा प्रत्यय लागून बनला आहे. मराठीत या प्रत्ययाचे दोन स्पष्ट उपयोग आढळतात. पहिला, अनुकरणवाचक द्विरुक्त शब्दांपासून पुल्लिंगी भाववाचक नाम बनविण्याचा : कडकडाट, गडगडाट, लखलखाट, घमघमाट. दुसरा, विशेषण वा क्रियाविशेषण बनविण्याचा : भन्नाट, सुसाट, मोकाट, सैराट. दुसऱ्या गटातील शब्द एकत्र मांडले असता त्यांच्यातील अर्थसाम्य ध्यानात येते. बंधन सुटणे, आवर न राहणे, वेगाने वा वाट फुटेल तिकडे जाणे, ही छटा या सर्वांत आहे. मोकाट जनावर दावे सुटलेले असते, सुसाट वारा अडविता येत नाही. ‘सैराट’मधील ‘सैर’ हा संस्कृत ‘स्वैर’ शब्दाचा प्राकृतद्वारा आलेला अवशेष आहे. चित्रपटाचे नाव आणि गीताचे नाव एकाच प्रत्ययाने बांधलेले असावे, ही गोष्ट अर्थदृष्ट्या महत्त्वाची होय.

गीतात याच घडणीचे ‘बुंगाट’ आणि ‘चिंगाट’ असे आणखी शब्द येतात. प्रमाण मराठीच्या वाचकाला ते अपरिचित वाटले तरी अनाकलनीय वाटत नाहीत. त्यांचा प्रत्ययच त्यांचा अर्थ सुचवितो. म्हणजे येथे यमक आहे, पण ते प्रत्ययाचे यमक आहे. जे शब्द ध्वनीने जुळतात तेच अर्थानेही एका कुळातील असतात. उपर्युक्त जर्मन गीतातील यमक आणि हे यमक यांतील भेद मूलभूत आहे.

रूपरचनेचीही हीच गोष्ट. ‘आलो आहे’ याचे बोलीतील संक्षिप्त रूप ‘आलोय’. त्याच्या पुढे जाऊन ‘आलोया’ असे स्वरान्त रूप या भागातील बोलीत ऐकू येते, आणि ‘प्रीत’ शब्दातील जोडाक्षर फुटून ‘पिरत’ होते. ही रूपे गीतात गावरान रंग भरण्यासाठी वरून चिकटविलेली नाहीत. ‘-या’चा दीर्घ स्वर तालाच्या आघातावर ठेवता येतो आणि जोडाक्षर फुटले की एक अक्षर अधिक मिळते. म्हणजे बोलीचे व्याकरणच येथे तालाला साहाय्य करते. शब्दसंग्रहही निरखण्यासारखा आहे. प्रेमाला गीतात ‘बाधा’ म्हटले आहे आणि प्रियकराला ‘मजनू’. ‘मजनू’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थ जिनाने झपाटलेला असाच आहे. दोन भिन्न परंपरांतील झपाटलेपणाची कल्पना अशा रीतीने एका कडव्यात शेजारी येऊन बसली आहे.

४
गीताचे खरे मर्म मात्र चित्रपटातील त्याच्या स्थानावरून कळते. नायिकेच्या घरच्या वाढदिवसाच्या समारंभात हे गीत येते. यजमान गावातील सत्ताधारी, तर नाचणारा नायक मासेमारी करणाऱ्या पारधी कुटुंबातील मुलगा. आपल्या लग्नाची साऱ्या गावाला घाई झाली आहे, असे गीतातील प्रेमी फुशारकीने सांगतो, आणि प्रेयसी आपल्या मुलाची आई कधी होईल याची वाट पाहतो. ऐकताना ही थट्टा वाटते. पण त्या रात्रीच दोघे पकडले जातात. गावाला घाई होते ती लग्नाची नव्हे, शिक्षेची. पुढे हैदराबादेत त्यांचा संसार होतो, मूलही होते, आणि त्या मुलाला मागे ठेवून दोघांची हत्या होते. गीतातील एक इच्छा शब्दशः पुरी झाली आणि दुसरी शब्दशः उलटली. चित्रपट पुन्हा पाहणाऱ्याला हे गीत पूर्वीसारखे ऐकता येत नाही.

‘-आट’ प्रत्ययाचा येथे पुन्हा विचार करावा लागतो. ‘मोकाट सुटली’ हे गावातील वडीलधाऱ्यांचे दूषण आहे, तर ‘झिंगाट’ हा तरुणांचा उद्गार आहे. आवर सुटण्याच्या एकाच अवस्थेला दोन पक्ष एकाच प्रत्ययाने संबोधितात, एक निंदेने आणि दुसरा आनंदाने. चित्रपटातील संघर्ष या दोन उच्चारांमधला आहे. हा संघर्ष केवळ कल्पित नाही. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एका दलित शाळकरी मुलाची हत्या झाली. सवर्ण मुलीशी त्याचे प्रेमसंबंध असल्याचा संशय हे तिचे कारण सांगितले गेले. त्या प्रकरणातील आरोपी २०१७ साली निर्दोष सुटले. ‘सैराट’ हे त्या घटनेचे चित्रण नव्हे, परंतु ज्या टापूत तो घडतो तेथील प्रेक्षकाला ती स्मरली नसेल असे म्हणता येणार नाही.

५
२०१८ साली ‘धडक’ या हिंदी चित्रपटात हे गीत नव्या शब्दांसह घेण्यात आले. शब्दरचना अमिताभ भट्टाचार्य यांची होती. कथा उदयपुरात नेण्यात आली आणि जातीचा प्रश्न पुष्कळच पुसट झाला. चाल तीच राहिली, शीर्षकातील शब्दही तोच राहिला. परंतु हिंदीत ‘-आहट’ आणि ‘-आटा’ या प्रत्ययांनी नामे बनतात : गडगडाहट, सन्नाटा. ‘मोकाट’, ‘सैराट’ यांच्यासारखे विशेषणांचे कुळ तेथे नाही. त्यामुळे तेथे ‘झिंगाट’ हा शब्द एकाकी पडला आणि केवळ नादापुरता उरला. जे जर्मन गीतात आरंभापासून होते ते येथे भाषांतराने घडले : शब्द कोणत्याही प्रदेशाचा राहिला नाही.

सारांश, नृत्यगीतात शब्द निमित्तमात्र असतात हा सिद्धान्त, जे गीत कोणत्याच एका बोलीचे नसते त्याच्यापुरता खरा आहे. बोलीच्या प्रत्ययांतून आणि रूपांतून जे गीत आपला ताल घडविते, त्याला तो लागू पडत नाही. ‘झिंगाट’वर वरातींतून आणि उत्सवांतून जे लक्षावधी लोक नाचले त्यांना या प्रत्ययाची मीमांसा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मात्र त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. तो त्यांच्या रोजच्या बोलण्यातील होता, आणि त्यांच्यापैकी अनेकांना त्याची निंदेची बाजूही ऐकून ठाऊक होती. अशा गीतांची भाषा अभ्यासाच्या बाहेर ठेवल्यास मराठी प्रत्ययविचाराची हानी होईल. शिवाय ज्या समाजात हे शब्द दूषण आणि आनंद अशा दोन्ही अर्थांनी उच्चारले जातात, त्याविषयीही अभ्यासक अनभिज्ञ राहतील.