फळ्यामागचे डबे

आधी ‘ढकलपास’ या शब्दाचा निकाल लावू.

आपल्या चाळीतली माणसंही हा शब्द आता सर्रास वापरतात. पोरगं आठवीत गेलं आणि त्याला चार ओळींचा अर्ज लिहिता येत नाही, की आई कपाळाला हात लावते, सगळे ढकलपास मेले! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १६ वं कलम म्हणालं, आठवीपर्यंत कुणाला मागं ठेवायचं नाही. झालं. पांढरपेशांच्या पोटात तेव्हाच गोळा उठला. परीक्षा गेली, दर्जा गेला, देश बुडाला. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३ साली महाराष्ट्रानं पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली. नापास झालास तर दोन महिन्यांत फेरपरीक्षा. तीही बुडाली तर बस त्याच बाकावर.

आपल्या पोरांतही यावरून दोन तट आहेत. नायगावात एका बैठकीत मी दोन्ही ऐकले. एकजण म्हणाला, नापास केलं की आपलीच पोरं शाळेतून उडतात, मग ती नाक्यावर गाड्या धुतात. दुसरा म्हणाला, काही न शिकवता वर ढकलतात, दहावीला आपटतात, ही फसवणूक आहे. दोघंही खरं बोलत होते. पण दोघंही भांडत होते एप्रिल महिन्यावर. जून ते मार्च वर्गात काय तपासलं जातं, कोण तपासतं, कशासाठी तपासतं, यावर त्या दोन तासांत एक शब्द निघाला नाही. माझी तक्रार तिथं आहे.

कायदा नुसतं ‘नापास करू नका’ म्हणून थांबला नव्हता. त्याच्या २९ व्या कलमात लिहिलंय की मुलाला काय समजलं याचं मूल्यमापन सतत आणि सर्व अंगांनी करा. महाराष्ट्र सरकारनं २० ऑगस्ट २०१० ला त्याचा निर्णय काढला. आकारिक मूल्यमापन, संकलित मूल्यमापन. शब्द जड आहेत पण अर्थ सोपा. आकारिक म्हंजे शिकता शिकता तपासणं, संकलित म्हंजे सत्राच्या शेवटी तपासणं. रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनं दिली. जो मागं पडला त्याला जादा मार्गदर्शन करून वर आणा असंही सांगितलं. म्हंजे एक हात म्हणत होता ‘नापास करू नका’ आणि दुसरा म्हणत होता ‘रोज बघा’. पहिला हात सगळ्यांना दिसला. दुसरा कागदावरच राहिला.

कागदावर कसा राहिला, तेही सांगतो. प्रत्येक पोराबद्दल मास्तरानं वर्णनात्मक नोंद लिहायची. आता साठ पोरांचा वर्ग, वर जनगणना, निवडणूक, खिचडी, सतराशे साठ माहित्या. मास्तर काय करणार? बाजारात तयार नोंदींची पुस्तकं मिळतात. ‘कविता तालासुरात म्हणतो.’ ‘इतरांना मदत करते.’ उतरवून काढायच्या. मी लालबागच्या एका ओळखीच्या पोराचं प्रगतिपुस्तक बघितलं. त्यात ‘प्रकट वाचन स्पष्ट उच्चारात करतो’. पोराला जोडाक्षर वाचता येत नव्हतं. त्याच्या नावापुढं दुसऱ्याच कुणाचं पोरगं लिहिलेलं होतं.

मी सूतगिरणीत काम करतो. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी आता टॉवर आणि मॉल आहेत, माझा आजा तिथं साच्यावर होता, मी लोकल धरून मुंबईबाहेर जातो. तर गिरणीतली तपासणी कशी असते ते ऐका. रिंग फ्रेमवरून बॉबीन घेतात, चरख्यासारख्या रिळावर १२० वार सूत गुंडाळतात, त्या लडीचं वजन ग्रेनमध्ये करतात. १००० ला त्या वजनानं भागलं की सुताचा काउंट निघतो. लड २५ ग्रेन भरली तर ४० काउंट. हवा होता ४० आणि आला ३६, तर काय करतात? सुताला शिव्या घालतात? बॉबीनवर लाल शाईनं ‘नापास’ लिहितात? मशीन बघतात. रोलर बघतात, खेच बघतात, दाताचं चाक बदलतात. मागच्या खात्यात जाऊन पुणी जाड आली काय ते बघतात. आणि हे वर्षातून एकदा एप्रिलात नाही, पाळीपाळीला. वर्षभर वाट बघितली तर मालकाचं दिवाळं निघेल. मालकाला सुताची जेवढी काळजी आहे तेवढी या व्यवस्थेला आपल्या पोरांची असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

पोर म्हंजे सूत नाही, हे मला कळतं. पण तपासणी कुणाला दुरुस्त करायला असते, एवढंच यातून घ्या. आपल्या वर्गात तपासणी पोराला दुरुस्त करायला पण नसते. ती त्याची जागा ठरवायला असते.

माझ्या शाळेचं नाव मी लिहीत नाही. तिथं वह्या तपासून यायच्या तेव्हा दोनच गोष्टी असायच्या, एक फुली आणि एक आकडा. १० पैकी ३. तीन का, कुठं चुकलं, पुढं काय करू, काही नाही. भागाकारात मी शून्य लिहायला विसरायचो, ही एवढी एक गोष्ट मला कुणीतरी सहावीत सांगायला पाहिजे होती. ती मला सतराव्या वर्षी गिरणीतल्या एका फिटरनं सांगितली. मधली सगळी वर्षं मी ‘गणितात ढ’ होतो.

इस्रायलमध्ये रूथ बटलर या बाईंनी १९८८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही पोरांना फक्त मार्क दिले, काहींना फक्त शेरा दिला (हे जमलं, हे असं करून बघ), काहींना मार्क आणि शेरा दोन्ही. सुधारणा झाली ती फक्त शेरेवाल्यांची. दोन्ही मिळालेल्यांची नाही झाली. आकडा दिसला की शेरा वाया जातो. आमच्या नशिबी तर नुसता आकडाच.

आता थेट बाबासाहेबांकडे येतो, कारण वर्गातल्या तपासणीचं याहून मोठं उदाहरण माझ्याकडे नाही. मुंबईतलं एल्फिन्स्टन हायस्कूल, सरकारी शाळा. मास्तरांनी भीमरावाला गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं. वर्गात एकच कल्ला. सवर्ण पोरांचे जेवणाचे डबे फळ्यामागं ठेवलेले. हा फळ्याला हात लावायच्या आत पोरं धावली आणि डबे बाजूला काढले. चरित्रात हा प्रसंग आपण विटाळाची गोष्ट म्हणून वाचतो. मी तो परीक्षेची गोष्ट म्हणून वाचतो. मास्तरानं प्रश्न विचारला होता गणिताचा. वर्गानं मात्र दुसराच पेपर काढला. संस्कृतची तर परीक्षाच होऊ दिली नाही, विषयच नाकारला, म्हणून पर्शियन घ्यावं लागलं. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ मार्क. साडेसदतीस टक्के. आजच्या कुठल्या क्लासवाल्यानं या पोराचा फोटो बोर्डावर लावला असता? पण वस्तीनं सत्काराची सभा भरवली आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र हातात दिलं. मार्कांनी काही सांगितलं नव्हतं. केळुसकरांना ते पोर आधीपासून वाचताना दिसलं होतं. आकारिक मूल्यमापन म्हणतात ते हेच असावं!

फळ्यामागचे डबे आजही आहेत, फक्त दिसत नाहीत. दहावीच्या तोंडी परीक्षेचे वीस मार्क घ्या. २०१९ ला भाषा आणि समाजशास्त्रातले हे शाळेच्या हातातले मार्क काढून टाकले. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. ओरड झाली, मार्क परत दिले, २०२० ला निकाल ९५.३०. (भूगोलाचा पेपर कोरोनात गेला, हेही खरं.) २०२१ ला परीक्षाच झाली नाही, नववीचे ५० आणि शाळेनं दिलेले दहावीचे ५०, निकाल ९९.९५. तेच मास्तर, तीच चाळ, तशीच पोरं. ज्ञान तीन वर्षांत असं वरखाली होतं का? वरखाली होते ती फूटपट्टी. आणि फूटपट्टी ज्यांच्या हातात, ते त्याला गुणवत्ता म्हणतात.

म्हणून काही शहाणे म्हणतात, तोंडी परीक्षा बंदच करा, मास्तर खिरापत वाटतात. मला हे पटत नाही. तोंडी परीक्षा ही आपल्या पोरांची परीक्षा होऊ शकते. ज्याच्या घरात वही ठेवायला जागा नाही, त्याच्या घरात बोलणं भरपूर आहे. पण तिथं तपासतात काय? ‘पाणी’ म्हणतो की ‘पानी’. पोरगं धरणाची सगळी गोष्ट सांगतं, पाणी अडलं कसं, गाव बुडालं कसं, आणि समोरचे हसतात ‘पानी’ला. उत्तर बरोबर, ण चुकला, मार्क कापला. धरण समजलं की नाही हे विचारायचं असेल तर धरणच विचारा. ण शिकवायचा असेल तर शिकवा, वेगळा, न हसता. एका प्रश्नात दोन पेपर काढू नका. मी कविता लिहितो तेव्हा संपादक माझा ‘पानी’ जसाच्या तसा छापतात आणि त्याला अस्सल म्हणतात. तोच ‘पानी’ माझ्या धाकट्या बहिणीच्या वहीत लाल होतो. साहित्यात अस्सल आणि शाळेत अशुद्ध, ही गंमत कुणीतरी समजावून सांगावी.

आपल्या माणसांनी हे आधीच ओळखलं होतं. जोतिबांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं लिहून दिलं की डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा शाळेत येतो त्याचा फारसा उपयोग नाही. निदान तीन महिन्यांनी तपासा, आणि मधूनमधून न कळवता या. न कळवता! कारण कळवून आलं की मास्तर हुशार पोरं पुढं बसवतो. बाबासाहेबांनी १२ मार्च १९२७ ला मुंबईच्या कौन्सिलात हिशोब मांडला, शाळेत शिरलेल्या शंभर पोरांतली अठराच चौथीपर्यंत पोचतात, ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. शंभरातली ब्याऐंशी लड जिथं तुटते तिथं सुताला दोष देणारा माणूस एकतर आंधळा नाहीतर मालकाचा.

आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत दोन वर्षं मी पोरांच्या वहीवर आकडा लिहीत नाही. एक ओळ लिहितो, काय जमलं आणि उद्या काय करायचं. दुसऱ्या दिवशी तेवढंच बघतो. फार सोपं नाही. तीस वह्या झाल्या की रात्रपाळीचे डोळे मिटतात. आणि पोरंही बिलंदर, वही उघडून विचारतात, दादा पण मार्क किती? एका मुलीनं तर माझ्या शेऱ्याखाली स्वतःच ८ लिहून घेतला, १० पैकी. तिच्या आईला दाखवायला. आईचंही चूक नाही, तिला शाळेनं आकडाच वाचायला शिकवलंय.

पण विहारात केलं म्हणून शाळेला सोडायचं नाही. कायद्याच्या २१ व्या कलमात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात पाऊण भाग पालक, निम्म्या बाया, आणि वंचित घटकातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. किती शाळांत आपल्या आया त्या समितीवर नुसत्या सहीपुरत्या आहेत, ते आपापल्या चाळीत बघा. जयंतीची वर्गणी गोळा करताना दारोदार जातोच, तेव्हा हेही विचारा. त्या आईला बैठकीला पाठवा आणि सोबत दोन प्रश्न द्या. माझ्या पोराच्या नावापुढं लिहिलेली नोंद वाचून दाखवा. आणि त्याला जे येत नाही असं लिहिलंय, त्यासाठी मागच्या महिन्यात वर्गात काय केलं ते सांगा. नोंद वाचल्यावर पोराला तिथंच उभं करून तेवढं वाचायला लावा, मास्तरांच्या देखत.