जास्त आकडे म्हणजे जास्त संगीत?

संगणकावर संगीत ऐकण्याची सोय आता घरोघरी आहे आणि अनेक शाळांतही आहे. तिच्याबरोबर 'हाय-रेझोल्यूशन' संगीताची जाहिरातही आली. सीडीतील संगीत १६ बिटांचे आणि सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचे असते. नव्या फाइली २४ बिटांच्या आणि ९६,००० किंवा १,९२,००० नमुन्यांच्या असतात. आकडे मोठे, म्हणून संगीतही जास्त, असा हा दावा आहे. त्यासाठी महागड्या फाइली, खास केबल आणि खास उपकरणे घ्यावीत, असेही सांगितले जाते. दाव्याची भाषा आपल्या पाठ्यपुस्तकातलीच असल्यामुळे तो तपासणे हे विज्ञानशिक्षकाचे काम ठरते.

प्रथम नमुन्यांचा वेग पाहू. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोनमधून मिळालेला विद्युतसंकेत ठरावीक अंतराने मोजला की नमुने मिळतात. जाहिरातींत सीडीचा तरंग जिन्याच्या पायऱ्यांसारखा आणि नव्या फाइलीचा तरंग गुळगुळीत दाखवतात. हे चित्र चुकीचे आहे. नायक्विस्ट (१९२८) आणि शॅनन (१९४९) यांच्या कामातून असे सिद्ध झाले आहे की, संकेतातील सर्व वारंवारता नमुन्यांच्या वेगाच्या निम्म्याहून कमी असतील, तर मूळ तरंग नमुन्यांवरून पूर्णपणे परत मिळवता येतो. दोन बिंदूंमधून जशी एकच सरळ रेषा जाते, तसा या अटीत बसणारा आणि सर्व नमुन्यांतून जाणारा तरंग एकच असतो. पायऱ्या गाळणीतच नाहीशा होतात.

४४,१०० चे निम्मे २२,०५०. माणसाचा कान तरुणपणी सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ही मर्यादा खाली येते. म्हणजे वेग वाढवून आपण जे साठवतो ते वटवाघळाला ऐकू येईल, आपल्याला नाही. उलट त्याचा थोडा त्रासच होऊ शकतो. अ‍ॅम्प्लिफायर किंवा स्पीकर पुरेसा रेषीय नसेल, तर ३०,००० आणि ३३,००० हर्ट्झच्या न ऐकू येणाऱ्या स्वरांतून ३,००० हर्ट्झचा ऐकू येणारा स्वर निर्माण होतो. तो मूळ संगीतात नसतो.

आता बिट. एका बिटामागे सुमारे ६ डेसिबेल, या हिशोबाने १६ बिटांत ९६ आणि २४ बिटांत १४४ डेसिबेलचा पल्ला मिळतो. शांत खोलीतही सुमारे ३० डेसिबेलचा आवाज असतोच. १६ बिटांतला सर्वात हळू आवाज त्याच्या वर आणायचा, तर सर्वात मोठा आवाज १२० डेसिबेलच्या पुढे जाईल. तो कानाला इजा करणारा आहे. मग २४ बिट निरुपयोगी का? मुळीच नाही. ध्वनिमुद्रणाच्या वेळी गायक किती चढेल हे आधी माहीत नसते आणि नंतर संकलनात बरीच आकडेमोड होते. गणित करताना आपण जास्त दशांश स्थळे ठेवतो आणि शेवटी उत्तर योग्य स्थळापर्यंत घेतो, तसेच हे आहे.

प्रयोग काय सांगतात? २००७ साली मेयर आणि मोरन यांनी उच्च दर्जाच्या तबकड्यांचा संकेत एकदा थेट आणि एकदा सीडीच्या दर्जातून फिरवून ऐकवला. ५५४ चाचण्यांत २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तरी एवढेच आले असते. २०१६ साली रीस यांनी १८ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. प्रशिक्षण दिलेल्या श्रोत्यांत ते याहून जास्त होते. तेव्हा 'फरक कोणालाच कधीच कळत नाही' असे म्हणणे बरोबर नाही. पण रात्र आणि दिवसाइतका फरक जाणवतो, हा दावा तर पूर्णच कोसळतो.

मेयर आणि मोरन यांचे आणखी एक निरीक्षण महत्त्वाचे आहे. त्या तबकड्या बहुतेक सीडींपेक्षा खरोखरच चांगल्या वाटत होत्या, आणि सीडीच्या दर्जातून फिरवल्यावरही तशाच चांगल्या राहत होत्या. त्यांचे मुद्रण आणि संकलनच काळजीपूर्वक केलेले होते. श्रेय कारागिराचे, आणि पैसे मात्र आकड्यांचे घेतले जातात.

माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. २०१४ साली अमेरिकेतील उद्योगसंस्थांनी मिळून या संगीताची व्याख्या केली. स्रोत सीडीपेक्षा सरस असावा, असा तिचा आशय. पण तिच्या चार वर्गांपैकी एक वर्ग सीडीच्याच १६ बिट, ४४,१०० च्या मूळ प्रतीपासून केलेल्या फाइलींचा होता! ज्या व्याख्येत वगळायची वस्तूही बसते, ती व्याख्या कसली? भांडे मोठे केल्याने दूध वाढत नाही. अब्दुल करीम खाँ यांची ७८ फेऱ्यांची तबकडी १,९२,००० च्या वेगाने नोंदवली, तरी तबकडीत जे उतरलेच नाही ते फाइलीत येणार नाही. तिची खरखर मात्र अधिक बारकाईने नोंदली जाईल.

मग संगणक कसा जुळवावा? फाइल फ्लॅकसारख्या, माहिती न गाळणाऱ्या प्रकारातील घ्यावी. संगणक सर्व कार्यक्रमांचे आवाज एकत्र करून एकाच वेगाने बाहेर पाठवतो. हा वेग ४८,००० आणि फाइल ४४,१०० ची असेल, तर मध्ये एक अनावश्यक रूपांतर होते. म्हणून ध्वनीच्या सेटिंगमध्ये वेग फाइलीप्रमाणे ठेवावा, किंवा संगीत वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'एक्सक्लुझिव्ह' पद्धत निवडावी. आवाज 'सुधारणाऱ्या' सोयी बंद कराव्यात. संगणकातील विद्युत खरखर ऐकू येत असेल, तर यूएसबीवर चालणारे साधे बाहेरचे 'डॅक' उपयोगी पडते. सोन्याचा मुलामा दिलेल्या यूएसबी केबलची गरज नाही. १,९२,००० आणि २४ बिटांच्या स्टिरिओ संगीताला सेकंदाला ९२,१६,००० बिट लागतात, यूएसबी २.० ची क्षमता ४८ कोटी बिटांची आहे. उरलेले पैसे स्पीकरवर आणि पडदे, सतरंजी लावून खोलीतला घुमारा कमी करण्यावर खर्च करावेत. तेथील फरक ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

यातले काहीही माझ्या शब्दावर मान्य करू नका. ९६,००० नमुने आणि २४ बिटांची एक फाइल घ्या. 'ऑडॅसिटी' या मोफत प्रोग्रॅममध्ये तिची १६ बिट, ४४,१०० ची प्रत करा आणि ती प्रत पुन्हा ९६,००० आणि २४ बिटांत बदला. आता दोन्ही फाइली बाहेरून सारख्या दिसतील, उपकरणही त्यांच्यात भेद करणार नाही. आवाजाची पातळी समान ठेवा, कारण किंचित मोठा आवाज कानाला 'चांगला' वाटतो. आधी दोन्ही फाइली नाव सांगून हव्या तितक्या वेळा ऐकवा. मग पडद्यामागे एका विद्यार्थ्याने नाणे उडवून फाइल निवडावी आणि दुसऱ्याने ऐकून ओळखावी. असे १६ वेळा करा. नुसत्या अंदाजाने १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता ६५,५३६ पैकी २,५१७, म्हणजे शंभरात चारपेक्षा कमी आहे. हा हिशोब दहावीनंतरच्या विद्यार्थ्यांना स्वतः करता येतो.

कोणी १२ चा टप्पा गाठला तर त्याची चाचणी पुन्हा घ्या, फाइली तपासा, फरकाचे कारण शोधा. निकाल कसाही लागला, तरी जाहिरातीतील आकडा वाचून मान डोलावण्याऐवजी तो मोजून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लागेल. ती सवय संगीतापुरती राहणार नाही.